कॅनिस्टर लवकर का तुंबतो: डब्याचे लिटर नव्हे, पहिल्या फोमचं तोंड मोजा

प्रश्न थोडक्यात असा: ३ × १.५ × १.५ फुटांचा माशांचा टँक, आत पाच ओरांडा (गोल्डफिशची एक जात), खाली कपाटात तीन ट्रेंचा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर), खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलेलं. सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये पांढरा फ्लॉस (कापसासारखं बारीक गाळणं) दाबून भरलाय, वरचे दोन ट्रे सिरॅमिक रिंगनी काठोकाठ. धुतल्यावर दोन आठवडे छान चालतो, तिसऱ्या आठवड्यात धार निम्म्यावर येते. आता मोठा कॅनिस्टर घ्यावा, की याच्यातच आणखी मीडिया (फोम, रिंग असं ट्रेमध्ये भरायचं सामान) बसवावा?

दोन्ही नको. आधी तो फ्लॉस खालून काढा, त्या जागी जाड छिद्रांचा फोम टाका आणि रिंग निम्म्या करा. खर्च दोनशे-तीनशे रुपयांचा. मात्र यामागचं कारण कळलं तर पुढे फिल्टर बदलायची वेळ आली तरी चुकीचा डबा घरी येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'क्षमता' हा शब्द दुकानात तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, डब्यात मावणारं पाणी. दोन, ट्रेंमध्ये प्रत्यक्ष मावणारा मीडिया. तीन, धार मंदावण्याआधी फिल्टर किती गाळ पोटात ठेवू शकतो ते. खोक्यावर बहुतेकदा पहिली छापलेली असते, दुकानदार दुसरी सांगतो, आणि तुमचं दुखणं तिसरीचं आहे.

पहिल्या आणि दुसरीतलाच फरक बघा. समजा डबा आतून २० × २० सेंमी आणि मोटरखालची उंची ३० सेंमी. हिशेबाने १२ लिटर. पण तळाशी पाणी पसरायला दोन-तीन सेंमी मोकळे, ट्रेच्या भिंती, त्यांच्या दांड्या, प्रत्येक ट्रेखालची जाळी, आणि कोपऱ्यातून पाणी खाली नेणारी चौकोनी नळी हे सगळं त्यातूनच जातं. ट्रे आतून १८ × १८, नळीचा कोपरा ५ × ५ वजा, प्रत्येकी कामाची खोली ६ सेंमी: तीन ट्रे मिळून साधारण ५.४ लिटर. म्हणजे निम्म्याहून कमी. आपल्या फिल्टरचा आकडा हवा असेल तर ट्रेमध्ये प्लास्टिकची पिशवी अंथरा आणि मापाने पाणी ओतत जा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि जाहिरातीतल्या लिटरांवरचा विश्वास बराच कमी होतो.

आता तिसरी क्षमता. इथे लिटर दुय्यम आहेत. गाळाने भरलेलं पाणी पहिल्यांदा ज्या थरात शिरतं, त्या थराचं तोंड किती मोठं आहे, म्हणजे पाणी किती चौरस सेंटिमीटरमधून आत घुसतं, यावर जवळपास सगळं ठरतं. मीडिया भरलेल्या फिल्टरची खरी धार छापलेल्या आकड्याच्या निम्मी ते दोन-तृतीयांश असते, म्हणून तुमच्यासाठी ताशी ६०० लिटर धरू. सेकंदाला १६७ घन सेंमी. वरच्या हिशेबातल्या ट्रेचं तोंड ३०० चौ. सेंमी आहे, तर पाणी सेकंदाला ०.५६ सेंमी वेगाने आत शिरतं. आतून १५ सेंमी व्यासाचा गोल डबा असेल तर तोंड १७७ चौ. सेंमी आणि वेग ०.९४. आणि डब्याच्या दोन बाजूंना २० × १५ सेंमीचे दोन फोम उभे लावले असतील तर तोंड ६०० आणि वेग फक्त ०.२८.

तोंड दुप्पट केलं की दोन फायदे एकदम होतात. तेवढाच गाळ दुप्पट जागेवर पसरतो, म्हणून थर निम्मा जाड बसतो. आणि पाणीही निम्म्या वेगाने त्यातून जातं. दोन्ही मिळून अडथळा चौथ्या हिश्श्यावर येतो. गाळ पृष्ठभागावरच थापला जातो तेव्हा हे गणित बरोबर लागू पडतं. फोममध्ये गाळ आतही शिरतो, तिथे फायदा इतका नेमका मोजता येत नाही, पण दिशा तीच. उलट, त्याच तोंडावर डबा उंच करून वर आणखी एक ट्रे चढवला तर लिटर वाढतात आणि तुंबायचा वेग तसाच राहतो. मोठा डबा घेऊनही पहिल्याइतक्याच लवकर तुंबतो अशी तक्रार येते ती बहुतेक इथून.

तुमचा फ्लॉस पुढच्या वेळी काढाल तेव्हा नीट बघा. खालच्या बाजूला, जिथून पाणी येतं तिथे, दुधावरच्या सायीसारखा बुळबुळीत तपकिरी पापुद्रा असेल. नखाने खरवडला तर एका तुकड्यात सुटून येतो. आता फ्लॉस उलटा करा: वरची बाजू जवळजवळ पांढरी. म्हणजे चार सेंमी जाडीतले दोन-तीन मिलिमीटरच कामाला आले आणि बाकी सगळा फ्लॉस नुसता जागा अडवून बसला. फ्लॉसचा दोष नाही, त्याला जागा चुकीची दिली. बारीक गाळणं पहिल्या जागी ठेवलं की ते तोंडावरच बंद होतं. जाड छिद्रांचा फोम गाळ पूर्ण खोलीभर आत घेतो, म्हणून तोच गाळ पोटात ठेवूनही पाण्याला वाट देतो. फोमवर पीपीआय लिहितात, म्हणजे एका इंचात किती छिद्रं. १० ते २० जाड, ३० मध्यम, ४५ बारीक. पहिल्या जागी २० च्या पुढे जाऊ नका. गादीवाल्याकडचा फोम स्वस्त दिसतो, पण त्याची छिद्रं एकमेकांना नीट जोडलेली नसतात, पाणी सहज आरपार जात नाही. शिवाय त्याच्यावर काय प्रक्रिया केली आहे कोण जाणे.

रचनेचे प्रकार आता पटकन समजतील. सगळ्यात साधा म्हणजे एकाच डब्यात मीडियाचे थर, पाणी तळातून आत आणि मोटरमधून बाहेर. ईहाइम क्लासिक २२१३ हा त्याचा जुना नमुना: पंप ताशी ४४० लिटर, ८ वॅट. ट्रे नाहीत म्हणून जागा वाया जात नाही, आणि पाण्याला मीडिया चुकवून जायला फट जवळपास नाही. तोंड मात्र लहान, आणि सगळ्यात घाण थर सगळ्यात खाली, त्यामुळे धुवायचं तर पूर्ण डबा रिकामा करावा लागतो. कमी मासे, भरपूर वनस्पती अशा टँकला तो महिनोन्‌महिने बघावा लागत नाही. ओरांडाला नको.

ट्रेवाले, म्हणजे तुमच्यासारखे, आपल्याकडे सगळ्यात जास्त विकले जातात. सनसनचे एचडब्ल्यू-३०२ (ताशी १००० लिटर, १८ वॅट, तीन ट्रे) आणि त्याची मोठी भावंडं याच घराण्यातली. पाणी कोपऱ्यातल्या नळीने तळाशी उतरतं आणि ट्रेंमधून वर चढतं. हाताळायला सोपे.

तिसऱ्या प्रकारात, फ्लुव्हालच्या ०७ मालिकेसारख्या, उभे फोम एका बाजूला असतात. पाणी आधी त्यांतून जातं, मग बास्केटमधून वर. पहिल्या थराचं तोंड इथे मोठं असतं. चौथ्यात, ओआझे बायोमास्टरसारख्यात, प्री-फिल्टरचा, म्हणजे गाळ आधीच अडवणारा, फोमचा दांडा वेगळ्या कप्प्यात असतो आणि मुख्य झाकण न उघडता वरून उपसून काढता येतो. किंमत झोंबते, पण गोल्डफिशवाल्यांसाठी पैसे वसूल करणारी रचना हीच. कारण पाच मिनिटांत धुता येणारी गोष्ट माणूस दर आठवड्याला धुतो, आणि अर्ध्या तासाचं काम पुढच्या रविवारवर ढकलतो.

एक गोष्ट माहितीपत्रकात कधी येत नाही: तळाची मोकळी जागा. १६ मिमीच्या पाइपात ताशी ६०० लिटरने पाणी सेकंदाला सुमारे ८३ सेंमी वेगाने येतं. डब्याच्या तळाशी, ४०० चौ. सेंमीवर पसरल्यावर, वेग अर्ध्या सेंमीच्याही खाली. विष्ठेचे जड तुकडे तिथेच बसतात, फोमपर्यंत जातही नाहीत. म्हणून पहिल्या ट्रेखालची दोन-तीन सेंमी फुकट गेली असं समजून तिथे रिंग टाकू नका. गाळासाठी तेवढी कोठी हवीच.

ट्रेवाल्या फिल्टरची खरी खोड वेगळी आहे, आणि ती फसवी आहे. पाणी नेहमी कमी अडथळ्याची वाट धरतं. ट्रे एकमेकांवर नीट बसले नाहीत, मधली रबरी पट्टी कडक झाली, किंवा फोम ट्रेपेक्षा तीन-चार मिलिमीटर लहान कापला गेला, की खालचा थर तुंबायला लागल्यावर पाणी कडेच्या फटीतून किंवा कोपऱ्यातल्या नळीच्या सांध्यातून थेट वर निसटतं. बाहेरची धार ठणठणीत दिसते आणि आतला मीडिया मात्र बेकार बसलेला असतो. धार चांगली म्हणजे फिल्टर स्वच्छ, असं या जातीत गृहीत धरू नका. खूण ओळखायची तर ट्रे काढताना त्यांच्या बाहेरच्या भिंती बघा: सांध्यापासून वर जाणारे तपकिरी ओघळ, आणि सगळ्यात वरच्या ट्रेच्या एकाच कोपऱ्यात साठलेला गाळ. दिसले तर फोम ट्रेच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला ३-४ मिमी मोठा कापा, म्हणजे तो भिंतीला दाबून बसेल. ट्रे बसवताना प्रत्येक वेळी हाताने दाबून खाली टेकला का ते बघा. मीडिया काठाच्या वर आला असेल तर वरचा ट्रे तरंगतो आणि फट राहते. काठोकाठ भरण्याचा हा आणखी एक तोटा.

रिंगबद्दल थोडं. माश्यांसाठी एवढ्या बायो मीडियाची (अमोनिया पचवणारे जीवाणू ज्यावर वाढतात तो मीडिया) खरंच गरज आहे का, याचा हिशेब करून बघू. रोज ५ ग्रॅम खाद्य, त्यात ४० टक्के प्रथिनं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ०.३२ ग्रॅम. त्यातला बराचसा अमोनिया बनून पाण्यात येतो, ०.२ ग्रॅम धरू. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला जीवाणूंना सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे दिवसाला एक ग्रॅमच्या आत. २८ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅम असतो, आणि ताशी ६०० लिटरने दिवसाला १४,४०० लिटर पाणी फिल्टरमधून जातं. म्हणजे शंभर ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन दारात येतो. पुरवठा भरपूर आहे, अट एकच, पाणी वाहतं राहिलं पाहिजे. धार पडली आणि रिंगांच्या फटींत गाळ कुजायला लागला, तर तोच ऑक्सिजन गाळातले जीवाणू खातात. दोन लिटर रिंग मोकळ्या, वाहत्या पाण्यात असणं हे चार लिटर गाळात बुडालेल्या रिंगांपेक्षा केव्हाही बरं. फोमवरही हेच जीवाणू वाढतात, हे लोक विसरतात.

मीडियाच्या आकाराचंही बघा. गोल दाणे मोठे असोत की बारीक, नुसते ओतले की मधली पोकळी साधारण ४० टक्केच राहते. बारीक दाण्यांत ती पोकळी असंख्य चिंचोळ्या वाटांत वाटली जाते आणि पटकन बुजते. रिंगमध्ये पोकळी जास्त. म्हणून ५ मिमीचे दाणे सगळ्यात वरच्या, स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये, आणि तेही जाळीच्या पिशवीत. भांडी घासायचे प्लास्टिकचे चोथे हा स्वस्तातला उत्तम बायो मीडिया आहे: मोकळे, न तुंबणारे, हाताने झटकून साफ होणारे. स्टीलचे आणि साबण लावलेले मात्र चुकूनही नकोत.

तर तुमच्या फिल्टरची मांडणी, खालून वर: पहिल्या ट्रेमध्ये १०-२० पीपीआयचा फोम, पाच सेंमी जाड, दुसरं काही नाही. दुसऱ्यात ३० पीपीआयचा दोन-अडीच सेंमी फोम आणि त्यावर रिंग किंवा चोथे, वर बोटभर जागा सोडून. तिसऱ्यात पिशवीतल्या रिंग. फ्लॉस हवाच असेल तर तिसऱ्या ट्रेच्या माथ्यावर एक सेंमीचा पातळ थर, तोही पाणी ढवळल्यानंतर चार-पाच दिवसांपुरता, मग फेकून द्यायचा.

टँकमधल्या इनटेकच्या (पाणी फिल्टरकडे ओढणाऱ्या पाइपाच्या) जाळीवर २०-३० पीपीआयचा नळकांडी स्पंज चढवा. ७ सेंमी व्यास आणि १२ सेंमी लांबी असेल तर त्याचं तोंड २६० चौ. सेंमीच्या आसपास होतं. म्हणजे ट्रेच्या तोंडात जवळपास तेवढीच भर, आणि तीही डबा न उघडता धुता येणारी. दर आठवड्याला पाणी बदलताना काढलेल्या पाण्यात तो पिळायचा. काढण्याआधी मोटर बंद करा आणि स्पंज प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच बाहेर काढा, नाहीतर आठवड्याचा गाळ पुन्हा टँकभर.

त्यात एक सांभाळा. कॅनिस्टरचा पंप मीडियानंतर असतो, म्हणजे तो पाणी ओढून घेतो. टँकमधल्या पाण्याची पातळी मोटरच्या जितकी वर, तितका दाब पंपाला फुकट मिळतो. ८० सेंमी उंची तर ८० सेंमी पाण्याचा दाब. स्पंज, पाइप आणि मीडिया यांचा मिळून अडथळा या दाबाच्या पुढे गेला की मोटरपाशी दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि झाकणाच्या ओ-रिंगमधून (रबरी कड्यातून) किंवा व्हॉल्व्हच्या सांध्यातून हवा आत ओढली जाते. खडखड आवाज, धारेत बारीक बुडबुडे. लोक ओ-रिंग बदलतात, पण तुंबलेला स्पंज तसाच राहतो. कमी उंचीच्या स्टँडवर हा त्रास आधी दिसतो.

बदल करण्याआधी नेमकं कुठे अडलंय ते मोजून घ्या. बाहेर येणाऱ्या पाइपाचं तोंड टँकच्या पाण्याच्या पातळीलाच धरा आणि पाच लिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते बघा. तोंड खाली धरलंत तर सायफनची भर पडून आकडा खोटा वाढतो. ३० सेकंद म्हणजे ताशी ६००. ६० म्हणजे ३००. आधी आहे तसं मोजा, मग इनटेकचा स्पंज काढून, मग ट्रेमधला सगळा मीडिया काढून, फक्त रिकाम्या ट्रेंवर. शेवटच्या मोजणीतही धार वाढली नाही तर मीडियाचा काही संबंध नाही. पाइपाच्या आत बसलेली बुरशी-शेवाळाची साल किंवा इम्पेलर (मोटरमधला पाणी ढकलणारा पंखा) बघा. १६ मिमीच्या पाइपात दोन मिलिमीटरची साल चारी बाजूंनी बसली की वाट १२ मिमीची उरते, आणि क्षेत्रफळ निम्म्याच्या जवळ येतं. लांब लवचीक ब्रश फिरवा, तीन-चार महिन्यांनी एकदा. कपाटात वेटोळं करून ठेवलेला जादा पाइप कापून टाका. बोअरचं पाणी असेल तर इम्पेलरच्या दांडीवर क्षारांची पांढरी साल चढते; तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या दातांच्या ब्रशने घासली की निघते.

नवी मांडणी बसवल्यावर पहिल्या दिवसाची धार लिहून ठेवा. ती पाव ते एक-तृतीयांश कमी झाली की धुवायची वेळ झाली. ट्रेवाल्या डब्यात, वर सांगितलेल्या फटींमुळे, धार टिकून असली तरी सहा-आठ आठवड्यांनी उघडाच. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लग काढलेला, आणि एका बादलीत टँकचंच १५-२० लिटर पाणी. फोम त्यात चार-पाच वेळा पिळा, रिंग नुसत्या हलवून घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून मीडिया थेट नळाखाली धरू नका. रिकामा डबा आणि ट्रे मात्र नळाखाली बिनधास्त धुवा. फोम आणि रिंग एकाच दिवशी नव्या घालू नका, मध्ये महिनाभर जाऊ द्या. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. झाकण लावण्याआधी डबा पाण्याने काठोकाठ भरा, म्हणजे प्राइमिंगची, सुरू करताना आतली हवा काढून पाणी ओढून घेण्याची, कटकट वाचते.

वीज गेली तर गाळाने भरलेला कॅनिस्टर हा सगळ्यात धोक्याचा. बंद डब्यातलं थांबलेलं पाणी आतले जीवाणू काही तासांत ऑक्सिजनविना करून टाकतात, आणि वीज आल्यावर ते सगळं एकदम टँकमध्ये येतं. १८ वॅटचा फिल्टर घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, तो तिथेच जोडा. नसेल तर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिल्यावर तसाच सुरू करू नका: प्लग काढा, डबा उघडा, वास घ्या. सडक्या अंड्यासारखा आला तर आतलं पाणी ओतून द्या, फोम पिळा, टँकच्या पाण्याने भरा आणि मगच बटण दाबा.